पिवळा त्रिकोण

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला निरोप दिला आणि त्यानंतर बरोब्बर आठ दिवसांनी दिवाळीचा पाडवा आला. पुण्या-मुंबईत 'कंप्युटरमध्ये' नोकरी करणारी आणि दिवाळीला गावी गेलेली झाडून सगळी पोरं हा योगायोग विसरणार नाहीत. फराळाच्या ताटापाठोपाठ प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक सीपीयू येऊन पडला. "तू एवढा कंप्युटरवाला, जरा बघ की याचं काय करायचं ते." आता मी हापिसात जे करतो त्याचा आणि काकांच्या प्रिंटरचा संबंध किती, तर धरणाच्या इंजिनिअरचा आणि नळाच्या वायसरचा असेल तेवढा. पण हे समजावून सांगायच्या भानगडीत मी पंधरा वर्षांपूर्वीच पडायचं सोडलं. स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन पेनड्राईव्ह बॅगेत टाकूनच निघतो.

बातमी अशी होती की विंडोज १० ला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. लोकांनी ऐकलं ते असं, की कंप्युटर बंद पडणार. तसं काही नव्हतं. जुनी विंडोज चालूच राहते, आणि घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदतही जाहीर केली होती. पण तेवढं खालपर्यंत वाचतो कोण? ज्यांच्या मशीनवर चढली त्यांनी विंडोज ११ चढवून टाकली. ज्यांच्यावर चढेना (तिला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा) त्यांनी नवं मशीन घेतलं. कॅनालिस नावाच्या संस्थेने २०२३ च्या डिसेंबरात अंदाज केला होता की या एका निर्णयाने जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. सातारा-सांगलीत कंप्युटर इतक्या सहजासहजी भंगारात जात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

खरी गंमत कंप्युटर बदलल्यानंतर सुरू होते. नवी विंडोज झकपक उघडते, स्क्रीनवर निळं फूल उमलतं, सगळे खूष. मग कोणीतरी प्रिंट मारायला जातं. डिव्हाइस मॅनेजर उघडून बघितलं की यादीत एका नावापुढे छोटासा पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह. म्हणजे 'इथे काहीतरी जोडलेलं आहे, पण त्याच्याशी बोलायचं कसं ते मला माहीत नाही.' उपकरण धडधाकट, कंप्युटर धडधाकट, आणि दोघांमधला दुभाष्या बेपत्ता. ड्रायव्हर म्हणजे हा दुभाष्या.

आमच्या साताऱ्याच्या घरी हा त्रिकोण अण्णांच्या स्कॅनरपुढे लागला.

अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. त्यांचा पीसी २०१३ चा, त्यामुळे विंडोज ११ चा प्रश्नच नव्हता. मी नवा घेऊन दिला. स्कॅनर मात्र २००६ चा. वहीएवढा चपटा, वेगळी वीज न लागणारा, एका यूएसबी वायरीवर चालणारा. अण्णांनी दोन वर्षांपासून एक काम काढलंय. आमचे आजोबा शेतीच्या वह्या लिहायचे. रोजचा पाऊस, पाटाला पाणी कधी आलं, ऊस कधी तुटला, गुळाला काय भाव मिळाला, कोणाचं बैल कोणाच्या रानात गेलं. १९५१ पासून पुढची एकंदर चौदा वह्या. बरंचसं शिसपेन्सिलीने लिहिलेलं, काही पानांवर अक्षर नुसतं चमकतं, दिसत नाही. त्यातल्या नऊ वह्या स्कॅन करून झाल्या होत्या. दहावी अर्धी.

"मोबाईलवर फोटो का काढत नाही?" असं तुम्ही विचाराल, मीही विचारलं. अण्णांचा हात आता थोडा थरथरतो आणि पेन्सिलीच्या पानावर मोबाईलची सावली पडली की होतं नव्हतं तेही जातं. काच आणि तिच्यावर दाबून ठेवलेलं पान, याला तोड नाही. मग म्हटलं नवा स्कॅनर घेऊ, चार-पाच हजारांत येईल. त्यावर अण्णांनी चष्मा वर केला आणि वर्गात विचारायचे त्या सुरात विचारलं, "याला काय झालंय?"

याला काही झालेलं नव्हतं. हाच तर सगळा घोळ.

कंपनीच्या साईटवर गेलो. मॉडेल सापडलं, पुढे यादीतून आपली विंडोज निवडायची. विंडोज ११ निवडल्यावर वाक्य आलं की या सिस्टिमसाठी ड्रायव्हर उपलब्ध नाही, आणि खाली आमची नवीन मॉडेल्स बघा. शेवटचा ड्रायव्हर होता तो ३२ बिटचा.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. ३२ बिटचा साधा प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर मजेत चालतो, त्यासाठी विंडोजमध्ये वेगळी व्यवस्था आहे. तो ओसरीवर बसलेला पाहुणा. मांडी घालून बसला काय आणि खुर्चीवर बसला काय, घराला फरक पडत नाही. ड्रायव्हरचं तसं नाही. हा थेट स्वयंपाकघरात वावरणारा माणूस, म्हणजे कर्नलमध्ये. तिथे घराची रीत आणि त्याची रीत तंतोतंत जुळावी लागते. ६४ बिटच्या कर्नलमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर शिरूच शकत नाही, अर्धामुर्धा नाही की कामचलाऊ नाही. अण्णांच्या जुन्या मशीनवर ३२ बिटची विंडोज ७ होती. २०१६ च्या जुलैपर्यंत विंडोज १० फुकट मिळत होती तेव्हा मी ती चढवली, तीही ३२ बिटचीच राहिली, म्हणून स्कॅनर इतकी वर्षं बिनबोभाट चालला. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टने ३२ बिटमध्ये काढलीच नाही. म्हणजे २०२१ च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली त्या दिवशीच अशा सगळ्या उपकरणांचं पुढच्या घरातलं स्वयंपाकघर बंद झालं होतं. आम्हाला कळायला चार वर्षं लागली एवढंच.

हे काही पहिल्यांदा होत नाहीये म्हणा. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा तर याहून मोठा धुरळा उडाला होता. तिने ग्राफिक्सची नि आवाजाची सगळी व्यवस्था बदलली आणि ६४ बिटच्या आवृत्तीत सही-शिक्का नसलेल्या ड्रायव्हरला कर्नलमध्ये घ्यायचंच नाही असं ठरवलं. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत पत्रं बाहेर आली, त्यात २००७ मधल्या काही काळाचा हिशेब होता. नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे. लोक मात्र शिव्या व्हिस्टाला घालत होते. ड्रायव्हरचं नशीबच असं, चाललं तर कोणाला दिसत नाही आणि नाही चाललं तर पत्रिकेवर नाव दुसऱ्याचंच.

तर स्कॅनर. जुन्या, नापास झालेल्या २०१३ च्या पीसीवर पेनड्राईव्हवरून लिनक्स मिंट चालू केलं. स्कॅनरची वायर जोडली. स्कॅनचा प्रोग्राम उघडला. यादीत मॉडेलचं नाव, आकड्यासकट. काहीही डाऊनलोड न करता. बटण दाबल्यावर ती ओळखीची खर्रर करत दिव्याची पट्टी सरकली आणि १९६७ च्या जूनमधला पाऊस स्क्रीनवर उतरला. अण्णांचा पहिला शेरा, "मग हे आधी का नव्हतं?"

हे कसं झालं, तर सेन नावाचा एक प्रकल्प आहे, १९९० च्या दशकापासून चालत आलेला. त्यातल्या स्वयंसेवकांनी शेकडो स्कॅनरची बोली शिकून उघडपणे लिहून ठेवलीय. कुठे कंपनीने कागद दिले, आणि जिथे दिले नाहीत तिथे वायरीवरून काय जातं-येतं ते ऐकून, अंदाज बांधून. एकदा ते उघड्यावर आलं की कंपनी राहो न राहो, कोणीतरी ते पुढच्या यंत्रावर पुन्हा जुळवून घेऊ शकतं. सगळंच जमतं असं अजिबात नाही. लिनक्सवर वायफायच्या कार्डाने माझे किती शनिवार खाल्लेत ते मला माहीत. पण जे एकदा जमलं ते सहसा कोणी काढून घेत नाही.

आणि बघा, या उघड्या सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातही एका प्रिंटरच्या भांडणातून झाली. १९८० च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांना निरोप जावा अशी सोय रिचर्ड स्टॉलमनने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवली होती. नव्याला तीच सोय करावी म्हटलं तर त्याचा सोर्स कोड मिळेना. ज्याच्याकडे होता त्या संशोधकाने 'मी न देण्याच्या करारावर सही केलीय' म्हणून सांगितलं. १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्याच्या मुळाशी हा राग होता. कागद अडकल्याचा राग कुठवर नेऊ शकतो! :)

आता अण्णांच्या टेबलावर दोन पीसी आहेत. नवा बँकेसाठी आणि नातवंडांशी बोलायला, आणि नापास झालेला जुना फक्त वह्यांसाठी, इंटरनेटशिवाय. टेबल मात्र मोठं घ्यावं लागलं.

भाऊबीजेला आईला घेऊन सांगलीला मामाकडे. उंब्रज, कराड, रस्त्याची कामं, वळसे, मग पेठ नाक्यावरून आत. सव्वाशे किलोमीटरला कितीही लवकर निघा, दुपार होतेच. मामाची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि हात पुसता पुसताच मामा म्हणाला, "भाच्या, उद्या जरा यार्डात चल. काटा बोलंना झालाय."

काटा म्हणजे इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. त्याच्या मागून एक सीरियल केबल निघते, कंप्युटरला जाते, पोतं काट्यावर ठेवलं की वजन आपोआप स्क्रीनवर येतं आणि पट्टीवर छापलं जातं. शेतकऱ्याच्या हातात पडते ती पट्टी. पोती किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई-अडत वजा जाता हातात किती. मामाच्या दिवाणजींच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत, सौदे बंद आहेत म्हणून, कंप्युटरवर विंडोज ११ चढवून ठेवली होती. हा पीसी चढण्याजोगा होता, कारण तो नवा होता. आणि नवा का, तर ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. मामाचं घर मारुती चौकाच्या बाजूला, तळमजला पाण्यात. त्या पाण्यात जुना पीसी गेलाच, पण ड्रायव्हरच्या सगळ्या सीड्यांचा डबाही गेला. मामी तो डबा धुऊन वाळत घालत होती तेव्हाचा फोटो माझ्याकडे आहे. चिखल धुवून निघाला, सीड्यांवरचा चकाकता पापुद्राही त्याच्याबरोबर निघाला.

आता वजन आपोआप येत नसेल तर हाताने टाईप करायचं, त्यात काय एवढं, असं मला क्षणभर वाटलं. दिवाणजींनी मान हलवली. काट्यावरचा आकडा सरळ कागदावर उतरतो याच्यावर माणसांचा विश्वास आहे. मधे कोणाची बोटं आली की शेतकरी काट्याकडे बघतो, मग पट्टीकडे, मग आपल्याकडे. नव्या हळदीचे सौदे सुरू झाल्यावर एका सकाळी शेकड्यांनी पोती असतात. एका पोत्याला दोनशे ग्रॅमची बोटचूक झाली आणि ती कोणी पकडली, तर पस्तीस वर्षांची पेढी 'मापात मारणारी' ठरायला तेवढी पुरते. ते ऐकून मी गुमान खुर्ची ओढली.

यार्डातला देखावा असा. हिशेबाचा प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये मिरजेच्या एका गृहस्थांनी लिहिलेला. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, मायक्रोसॉफ्टने तिचा आधार २०१५ मध्येच काढून घेतला, तरी प्रोग्राम विंडोज ११ वर ठणठणीत. (ओसरीवरचा पाहुणा, आठवतंय ना.) शेजारी एक नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, २००२ च्या आसपासचा, मूळचा पांढरा, आता हळदीच्या धुरळ्याने चिमणीच्या पिल्लाच्या चोचीसारखा पिवळा. मी आधी त्याच्याचकडे बघून घाबरलो होतो. एवढं जुनं धूड, याचा ड्रायव्हर कुठून आणायचा! तर तो चालूच होता. टर्रर्र-टर्रर्र करत तीन प्रती एका ठोक्यात.

मला हे फार आवडलं. साताऱ्यात २००६ चा देखणा स्कॅनर निकालात निघतो आणि सांगलीत त्याच्याहून म्हातारा प्रिंटर जागचा हलत नाही, असं का?

कारण डोकं कोणाकडे आहे, यात फरक आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला स्वतःचं डोकं असतं. त्याला ६५ हा आकडा पाठवला की इंग्रजीतला पहिला मोठा ए तो स्वतःच काढतो, कुठली पिन कधी ठोकायची ते त्याचं त्याला पाठ आहे. १५ पाठवला की अक्षरं बारीक. २७ आणि पाठोपाठ ६९ पाठवले की ठळक. ही बोली एप्सनने १९८० च्या दशकात रूढ केली, पुस्तिकेत छापून दिली, आणि इतर कंपन्यांनीही उचलली. मामाच्या प्रिंटरचा खास ड्रायव्हर विंडोज ११ साठी नव्हताच, तर दिवाणजींच्या मुलाने विंडोजमधलाच 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' निवडला होता. तो ड्रायव्हर काय करतो? जवळजवळ काहीच नाही. आलेली अक्षरं जशीच्या तशी पुढे ढकलतो. बास! आणि पॅरलल पोर्ट राहिलेला नाही म्हणून मधे एक यूएसबीची केबल.

याउलट २००० नंतर जे स्वस्त लेझर प्रिंटर आले त्यांच्यातल्या बऱ्याचशांचं डोकं कंपनीने काढून आपल्या कंप्युटरात ठेवलं. प्रिंटरमधली मेमरी नि प्रोसेसर वाचला, किंमत पडली, घरोघरी प्रिंटर आले, चांगलंच झालं. पण पानावरचा प्रत्येक ठिपका कुठे पडायचा ते ड्रायव्हर ठरवतो आणि प्रिंटर नुसता हमाल. काही तर असे, की चालू झाल्याबरोबर स्वतःचं फर्मवेअरसुद्धा कंप्युटरकडून मागून घेतात. त्या काळातले मोडेमही तसेच होते, टेलिफोनच्या आवाजाचं गणित विंडोजकडून करून घेणारे. असं यंत्र आपण विकत घेतो तेव्हा खोकं घरी येतं, डोकं कंपनीकडेच राहतं, आणि ते किती वर्षं पाठवायचं हे कुठल्याही गॅरंटी कार्डावर लिहिलेलं नसतं.

मराठीतलं उदाहरण द्यायचं तर जिस्ट कार्डाचं. जुन्या डीटीपीवाल्यांना आठवत असेल. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलं. कंप्युटरच्या आत एक कार्ड खोचायचं आणि मग डॉसमधले इंग्रजी प्रोग्रामही देवनागरी दाखवायला लागायचे. त्या काळात ती जादूच होती. विंडोज आली, ते कार्ड खोचायचे लांबडे स्लॉटच मदरबोर्डवरून गेले, आणि कार्डं गेली. पण त्याच मंडळींच्या कामातून आलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून छापला गेला, सर्वांसाठी उघडा. तो आज विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, मॅकमध्ये आहे. अण्णा आजोबांच्या वह्यांची सूची त्याच कीबोर्डवर टाईप करतात. त्यासाठी त्यांना कोणाकडून काही डाऊनलोड करावं लागलेलं नाही. माऊस, पेनड्राईव्ह यांचंही तेच. यूएसबीवाल्यांनी त्यांची बोली ठरवून जाहीर केली, म्हणून कुठलाही माऊस कुठेही लागतो.

बरं, काटा. तो का बोलेना? काट्याची बोलीही साधीच आहे, नऊ पिनांच्या सीरियल पोर्टवर आकडे एकामागे एक. पण पीसीला आता सीरियल पोर्ट नसतो, म्हणून मधे सीरियलची यूएसबी करणारी केबल. दीडशे रुपयांची. आणि त्रिकोण होता तो तिच्यापुढे. केबलमध्ये एक चिप असते, आणि या चिपच्या नकला इतक्या झाल्यात की असली कुठली ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. नव्या विंडोजबरोबर चिपच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर आला, त्याने आत डोकावून बघितलं, 'ही चिप चालणार नाही, विक्रेत्याला भेटा' म्हणून सांगितलं आणि हात वर केले. वायर तीच, चिप तीच, परवापर्यंत वजन देत होती.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण २०१४ चं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची अशीच चिप जगभर कॉपी होत होती. त्या वर्षी विंडोज अपडेटमधून त्यांचा नवा ड्रायव्हर आला, तो नकली चिप ओळखून तिच्या आतला ओळख क्रमांकच शून्य करून टाकायचा. त्यानंतर ती चिप कुठल्याच कंप्युटरला ओळखू येईना. बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबर २०१४ मध्ये तो मागे घेतला. २०१६ मध्ये दुसरा प्रकार. चिप मारायची नाही, पण उपकरणाच्या माहितीऐवजी 'बनावट उपकरण सापडले' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पुढे पाठवायचं. काट्यावर पोतं आणि स्क्रीनवर हे वाक्य, कल्पना करा!

मी हे मामाला रंगवून सांगितलं. त्याने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "बियाणं बोगस निघालं तर दुकानदाराला धरायचा का शेतकऱ्याचं रान नांगरून टाकायचं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. कंपनीची चोरी झाली हे खरंच आहे, पण चोर शेंझेनमध्ये आणि शिक्षा सांगलीत.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं नाही, पोटापाण्याला मी त्याच धंद्यात आहे. तीन हजारांना एकदाच विकलेल्या स्कॅनरसाठी वीस वर्षं दर विंडोजला ड्रायव्हर पुन्हा लिहा, तपासा, सही-शिक्का घ्या, याचे पैसे कोण देणार? आणि स्वयंपाकघरात कोणालाही सोडण्यातला धोकाही खरा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या कर्नलमध्ये बसणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक सदोष फाईल गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आडवी झाली. आपल्याकडे विमानतळावर इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले ते याच दिवशी. त्याआधी २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' झालं होतं, प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्याच्या वाटेनेच चोराला घरात शिरता येत होतं. तेव्हापासून मायक्रोसॉफ्टला प्रिंटरच्या ड्रायव्हरांचा धसका बसलाय, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद करणार. पुढचे प्रिंटर एका ठरावीक सामायिक बोलीत बोलतील, ड्रायव्हर लागणारच नाही. ॲपलने आयफोनसाठी २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं ते याच वाटेवरचं. म्हणजे फिरून फिरून गाडी मामाच्या डॉट मॅट्रिक्सच्या रीतीवर येतेय. हे चांगलंच आहे. मला टोचतं ते मधल्या वीस वर्षांत विकलेल्या यंत्रांचं. कंपनीने ड्रायव्हर लिहायचं थांबवावं, जरूर थांबवावं, पण मग त्या यंत्राची बोली चार पानांवर लिहून जाहीर करायला काय हरकत आहे? वीस वर्षांपूर्वीच्या स्कॅनरमधलं कुठलं गुपित आता चोरीला जाणार आहे? पुढचं कोणीतरी हौशी पोरगं बघून घेईल. अशी पोरं सांगलीतही आहेत, दिवाणजींचा मुलगा त्यातलाच.

त्यालाच शेजारी बसवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलवर जाऊन 'ड्रायव्हर मी निवडतो' म्हटलं की मशीनमध्ये असलेल्या आवृत्त्यांची यादी येते. तिच्यात जुनी आवृत्ती अजून पडून होती. ती निवडली. त्रिकोण गेला. काट्याचा आकडा थरथरत स्क्रीनवर आला. पण हा इलाज कच्चा आहे, पुढचा अपडेट येऊन पुन्हा नवा ड्रायव्हर बसवू शकतो. म्हणून पुण्याहून खात्रीच्या चिपची केबल पाठवली, साडेआठशे रुपयांची, आणि एक जास्तीची कपाटात. ड्रायव्हरची फाईल दोन पेनड्राईव्हवर टाकून एक मामाच्या घरी माळ्यावर ठेवला. माळ्यावर पाणी २०१९ लाही पोचलं नव्हतं.

हे सगळं झाल्यावर दिवाणजी म्हणाले एक पट्टी काढून बघू. टर्रर्र झालं, कागद बाहेर आला, आणि त्यावर काहीच दिसेना. मी परत खुर्ची ओढणार तेवढ्यात त्यांनी प्रिंटरचं झाकण उघडून रिबनला बोट लावलं, टेबलाच्या खणातून नवी रिबन काढून बसवली, शाईची बोटं रुमालाला पुसली आणि चपला काढून स्वतःच काट्यावर उभे राहिले. बहात्तर किलो चारशे ग्रॅम. पट्टीवरही बहात्तर चारशे. मामाने पट्टी वाचून बघितली आणि विचारलं, "दिवाणजी, अडत कापू का?"